नकाशावर पट्टी कशाला, मोसंबी घ्या

सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या काकामंडळींपैकी निम्म्यांची मुलं अमेरिकेत. त्यामुळे तो मेसेज मला एका आठवड्यात चौघांकडून आला: 'मुंबई-न्यूयॉर्क विमानं भाडं वाढवायला मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात. नकाशावर पट्टी ठेवून बघा. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्क आपल्याच दिशेने येतं. तरी जातानाच वेळ जास्त का? आणि तिकिटावर पहाटे 2 ला निघून त्याच सकाळी 8 ला पोच. मग पंधरा तास कुठून आले?'

आधी पट्टी. भिंतीवरचा नकाशा म्हणजे गोल पृथ्वी ओढून सपाट केलेली, आणि उत्तरेकडे ही ओढाताण फार. 60 अक्षांशाचं वर्तुळ विषुववृत्ताच्या निम्मंच असतं, नकाशात मात्र दोन्ही रेघा सारख्या लांब. खात्री करायची तर मोसंबी घ्या. मध्यरेषेच्या जरा वर, समोरासमोरच्या बाजूंना पेनाने दोन ठिपके द्या आणि दोरा ताणून धरा. दोरा आपणहून देठाकडे सरकतो. जवळची वाट तीच. मुंबई-न्यूयॉर्क पट्टीच्या रेघेवरून गेलात तर सुमारे 14,200 किलोमीटर. दोऱ्याच्या वाटेने, जवळपास 65 अक्षांशापर्यंत वर चढून, साडेबारा हजार. वाचले सतराशे. सांगलीहून मुंबईच्या दोन खेपा येऊन-जाऊन केल्या तरी एवढं अंतर भरत नाही. आणि भाडं वाढवायला कंपनीला इंधन कशाला जाळावं लागतंय? दिवाळीची तारीख पुरते.

तिकिटाचं सोपं आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. सहात साडेनऊ मिळवा.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा मात्र मला आवडला, चुकीचा असला तरी. आपली सांगली या घडीला ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगाने पूर्वेला चालली आहे. पण हवाही सोबतच चालली आहे, आणि विमान त्या हवेत. कोयना एक्स्प्रेसमध्ये बसून बेदाणा वर उडवा. तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह वाहतात. आयर्विन पुलाखालून कृष्णेच्या धारेसोबत हरिपूरकडे पोहत गेलेल्याला परत यायला किती दम लागतो ते विचारा. अमेरिकेला जाणं म्हणजे ते परत येणं.

या वाऱ्यापायी कधीकधी लांबची वाटही परवडते. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 13,900 चं 15,300 किलोमीटर झालं, तरी वारा पाठीशी असल्याने साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर.

वळसा नसतोच असंही नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचा प्रवास खरोखरच लांबला. तो वळसा मेसेजमध्ये कुठेच नाही.