हातोडा जुनाट नाही, साहेब (एका प्रतिक्रियेला उत्तर)

जुन्या धक्क्यांच्या तपासणीवरच्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय : ‘नाशकात समुद्र नाही. गंगेवर बसून जेट्टीचं ज्ञान पाजळू नका. हातोड्याने ठोकणं जुनाट झालं. हाफ-सेल (काँक्रीटवर टेकवून आतल्या सळीचा व्होल्टेज मोजायचं साधन) लावा, ३५० च्या खाली गेलं की पाइल (धक्क्याचा खांब) गेला. कव्हरचा आकडाही चुकलाय. फेंडर (जहाजाची धडक झेलणारी गादी) आणि खर्चावर अक्षर नाही.’

चूक आधी कबूल. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ७५ मिमी कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, लागतं, मी ५० लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘गंगेवर बसून’, म्हणजे आमच्या गोदाकाठी. निफाड-दिंडोरीची द्राक्षं न्हावा-शेव्यालाच जहाजावर चढतात, तेव्हा धक्क्याची काळजी नाशिककराने का करू नये? आणि पंधरा वर्षं ओहोटीचा तक्ता बघून कामाच्या वेळा ठरवणाऱ्याला समुद्र कुठे आहे ते शिकवू नका. टोपणनावाआडून बोलायला काय जातं!

मुद्दा तुमच्या ‘३५०’च्या एकाच वाक्यात आहे, म्हणून त्यावरच बोलतो. हाफ-सेलच्या तांबे-सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, असा तो निकष. तो निघाला हिवाळ्यात मीठ टाकतात अशा अमेरिकी पुलांच्या स्लॅबवरून. त्या स्लॅबला वारा लागतो. ओहोटीच्या रेषेखालचा पाइल मात्र कायम बुडालेला. काँक्रीटच्या छिद्रांत पाणी भरलेलं, प्राणवायू सळीपर्यंत पोचतच नाही. तिथे उणे ६०० आलं तरी गंज जेमतेम सरकत असतो. म्हणजे तुमच्या हिशेबाने सगळ्यात धडधाकट भाग आधी फोडायचा! खरी खराबी वर, जिथे लाटांचे शिंतोडे बसतात तिथे आणि डेकच्या (धक्क्याच्या वरच्या स्लॅबच्या) पोटाला : ओलं-सुकं, ओलं-सुकं, मीठ साचत जातं आणि हवा भरपूर. म्हणून सुटा आकडा धरायचा नसतो. अर्ध्या मीटरच्या जाळ्यावर वाचनं घ्यायची आणि शेजारच्या दोन वाचनांत एकदम उतार कुठे येतो ते बघायचं.

आणि हातोडा आधीच का? गंजून फुगलेली सळी कव्हर उचलते, मध्ये हवेची फट राहते. त्या फटीवर इलेक्ट्रोड टेकवलात की विजेची वाट तुटलेली, मीटर वाट्टेल ते दाखवतो. ठोकून बघा : घट्ट काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बद्द. बद्द भागाला खडूने वेढा घाला, कालवं-शेवाळ खरवडा, मग वेढ्याबाहेर हाफ-सेल. मीटरची वायर सळीला लावण्याआधी सळी दोन ठिकाणी उघडी करून त्या दोन जागा आतून जोडलेल्या आहेत का ते मल्टिमीटरने तपासा. इथे कंटाळा केला तर दिवसभराची वाचनं कचऱ्यात. शेवटी काँक्रीटची भुकटी, मीठ किती खोल गेलंय ते बघायला : १० मिमीच्या टप्प्यांनी ड्रिल, दर टप्प्याची वेगळी पिशवी. सळीच्या खोलीवर क्लोराइड (मिठाचा अंश) सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांपुढे असेल तर वरून गुळगुळीत दिसणारं कव्हरही आज ना उद्या पपडी टाकणार. हे ना एकटा हातोडा सांगतो, ना एकटा मीटर.

फेंडरचा तो लेख नव्हताच, शीर्षक वाचलं असतंत तर कळलं असतं. खर्च म्हणाल, तर न मोजता दर सांगणारे कंत्राटदार ढिगाने आहेत, त्यांना विचारा.

पुढच्या वेळी उणे ३५० लिहाल तेव्हा वाचन कुठल्या पातळीवर घेतलंत, ओहोटीच्या रेषेच्या वर की खाली, तेवढं सोबत टाका. नाहीतर या आकड्यावर मी आता बोलणार नाही.