ज्ञानाविना ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था

एखाद्या विकसनशील देशाचा कारभार आपल्या हाती आला असेल आणि स्वस्त मजुरीच्या बळावर जगाच्या बाजारात फार काळ तग धरता येणार नाही, हे सल्लागारांनी आपल्या कानी घातले असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. आपण ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था उभारत असल्याची घोषणा ताबडतोब करावी आणि ज्ञाननगरीसाठी विमानतळालगतची जमीन संपादित करावी. पुढे तिथे गृहसंकुले उभी राहिली तरी हरकत नाही. त्यांत राहणारे लोक सुशिक्षितच असतील.

दक्षिण कोरिया आणि तैवान यांची उदाहरणे भाषणात जरूर द्यावीत, तपशिलात मात्र शिरू नये. दक्षिण कोरियाने 1966 साली काढलेल्या संशोधन संस्थेसाठी परदेशी गेलेल्या आपल्या शास्त्रज्ञांना परत बोलावले आणि प्राध्यापकांहून कितीतरी अधिक पगार दिला. तैवानने 1976 मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीशी करार करून तरुण अभियंत्यांना चिप बनवायला शिकण्यासाठी तिकडे धाडले, आणि त्या खटाटोपातून टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी राहायला 1987 साल उजाडले. अकरा वर्षे! एवढ्या अवधीत निवडणुका किती होतात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

त्यापेक्षा यंत्रे विकत घ्यावीत. आर्थिक वर्ष संपायला आठवडा उरला असताना एखादा महागडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मागवावा. त्याची हमी माल पोचल्या दिवसापासून सुरू होते, तर त्याला लागणारी, हादरे न बसणारी वातानुकूलित खोली बांधण्याचा प्रस्ताव दुसऱ्याच खात्याकडे पडून असतो. त्यामुळे लाकडी खोका उघडेपर्यंत हमीची मुदत संपलेली असते. पुढे एखादा सुटा भाग बिघडलाच, तर देखभालीच्या लेखाशीर्षाखाली तरतूद नसल्याचा शेरा मारून फाइल परत पाठवावी. भांडवली खर्चाचा पैसा दुरुस्तीकडे वळवता येत नाही, आणि येत असता तरी दुरुस्तीला फीत कापण्याची सोय नसते. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ कंत्राटी असावा, म्हणजे तो शिकून तयार होताच त्याचे कंत्राट संपते.

उरतो प्रश्न टक्केवारीचा. दक्षिण कोरिया सकल देशांतर्गत उत्पादनाच्या चार टक्क्यांहून अधिक रक्कम संशोधन आणि विकासावर खर्च करतो आणि आपण एक टक्काही गाठत नाही, हे कोणीतरी संसदेत विचारतोच. अशा वेळी तिजोरीला हात लावू नये, मोजदाद बदलावी. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या तज्ज्ञांनी 1963 साली इटलीतील फ्रास्काटी येथे जमून या मोजणीचे नियम ठरवले, आणि त्यांनुसार नेहमीच्या चाचण्या किंवा नित्याची आकडेवारी गोळा करणे हे संशोधनात धरत नाहीत. पण एवढे काटेकोर असणे श्रीमंत देशांनाच परवडते. आपण पाण्याच्या नमुन्यांची रोजची तपासणी, पर्जन्यमानाच्या नोंदी, कचेऱ्यांतील संगणकांची खरेदी आणि संशोधन धोरणावरील बैठकांचा चहापानासह झालेला खर्च त्यात बिनदिक्कत धरावा. एकाही संशोधकाची नेमणूक न करता पुढच्याच वर्षी टक्का ओलांडता येतो.