वार हा नावाचा केवळ पहिला भाग
घानातील अकान समाजात जन्मवारावरून नाव ठेवतात, एवढेच सांगून या प्रथेवरील एक लेख थांबतो. वास्तविक वार हा त्या नावाचा केवळ पहिला भाग असतो. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अट्टा अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ रोजी, शुक्रवारी झाला म्हणून ते कोफी, जुळ्यांपैकी एक म्हणून अट्टा, तर अन्नानचा मूळ अर्थ चौथे अपत्य. त्यांच्या जुळ्या बहिणीला (अर्थातच) शुक्रवारचेच स्त्रीलिंगी नाव, एफुआ, मिळाले. आधीची मुले दगावलेल्या घरात बाळ मृत्यूला नकोसे वाटावे म्हणून ‘डोंकोर’, म्हणजे गुलाम, असे हीन अर्थाचे नावही ठेवत. आपल्याकडील दगडू, धोंडू या नावांमागेही बहुधा हाच हेतू असे.