एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसतेच
नमस्कार दादा,

"मनमोहन सिंगांच्या सहीची म्हणून एक रुपयाची खोटी नोट माथी मारली. ना रिझर्व्ह बँकेचं नाव, ना 'मैं धारक को'. वर भोकं पडलेली," असं तुम्ही लिहिलंत. गणपती पेठेत जुनी नाणी-नोटा विकून पोट भरणाऱ्याला 'खोटी' हा शब्द फार लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोट खरी आहे. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसतेच, ती भारत सरकारची. रिझर्व्ह बँक फक्त ती लोकांपर्यंत पोचवते. म्हणून वर 'भारत सरकार' छापलेलं आणि खाली वित्त सचिवांची सही. मनमोहन सिंग १९७६ ते १९८० वित्त सचिव होते, ही सही तेव्हाची. १९८२ साली ते गव्हर्नर झाले, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या नोटांवरही त्यांची सही सापडते. दोन्हीकडे सही असलेला माणूस, म्हणून तर संग्राहक ही नोट मागतात.

आता ते वचन. बाकीची नोट धारकाला 'इतके रुपये देईन' म्हणते. ही नोट स्वतःच रुपया, मग वचन कसलं द्यायचं? पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली, तेव्हा चांदीच्या रुपयाऐवजी ३० नोव्हेंबर १९१७ ला ही नोट निघाली. १९२६ ला बंद पडली, १९४० ला पुन्हा आली, आणि तेव्हाच्या वटहुकमानं तिला रुपयाच्या नाण्यातच धरलं. कायद्यानं हे कागदी नाणंच. नोटेवर नाण्याचं चित्र आहे ना, ते उगाच नाही. मला तर अजूनही ही नोट हातात घेतली की नवल वाटतं.

भोकांचं मात्र तुमचं बरोबर आहे. त्या काळी कोऱ्या गड्डीलाही पिना मारत, त्याची ती भोकं. पण पाकिटावर मी नुसतं 'कोरी' लिहिलं, 'पिनची भोकं आहेत' असं लिहायला हवं होतं. ती चूक माझी. विचारल्यावर आमच्या मुलानं नीट सांगितलं नाही, त्याबद्दलही माफी मागतो.

नोट घेऊन या. पूर्ण पैसे परत देतो, पावती नसली तरी चालेल. ठेवायची असेल तर भोकांवर चिकटपट्टी तेवढी लावू नका, कागद पिवळा पडतो. सोमवारी दुकान बंद असतं.