चकली घरचीच हवी

दिवाळी जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद. यंदा कोथरूडच्या वहिनीनं लिहिलं, घरी फराळ करणं म्हणजे बायकांना चार दिवस गॅसपुढे राबवणं, सगळं दुकानात मिळतं. पाच जणांचे लगेच अंगठे. मला ते इतकं लागलं की एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनमध्ये, उभ्याउभ्याच भलंमोठं उत्तर टाईप केलं.

अहो वहिनी, इथे जर्मनीत श्टुटगार्टला सप्टेंबरपासून आल्डी सुपरमार्केटात लेबकूखनचे, म्हणजे नाताळच्या मसालेदार बिस्किटांचे, ढीग लागतात, तरी आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा अॅडव्हेंटमध्ये, नाताळाआधीच्या आठवड्यांत, व्हॅनिलाकिप्फर्ल ही चंद्रकोरीसारखी बिस्किटं स्वतःच करतात, बदाम दळून, गरम आहेत तोवर साखरेत घोळवून, आणि अख्ख्या बिल्डिंगला वाटतात. त्यांना कुणी जुनाट म्हणत नाही. आपल्याकडे पण होतंच की हे, मे महिन्यात रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन पेठेतल्या बेकरीत नानकटाई भाजून आणायला रांग लावायचो, गरम पत्र्याचा डबा मांडीवर धरून घरी यायचो. ते कधी बंद झालं कळलंही नाही.

मी चकली इथेही करतोच. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, थोडी मूगडाळ, धने-जिरे, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मिक्सरलाच दळायचं कारण गिरणी कुठून आणू. पहिल्या वर्षी मोहन जास्त झालं आणि चकल्या तेलात विरघळल्या, पुढच्या वर्षी कमी पडलं तर दगड झाल्या. आता काटा येतो, नळी पण पडते. बाल्कनीत शेगडी मांडून तळतो, आत तळलं की स्मोक अलार्म वाजतो.

पण खरं सांगू का, पुण्यात असताना मी एक चकली पाडली नाही. भाजणीचा डबा गिरणीत नेऊन आणायचा एवढंच माझं काम. आधी आईनं तळल्या, नंतर वहिनीनं, तेही ऑफिस सांभाळून, दहा-बारा माणसांच्या. मी एका रविवारी हौसेनं करतो आणि तिला शिकवतो. तरी मनातून जात नाही, मी कधीही घरी गेलो तरी जिन्यातच भाजणीचा वास यायला हवा असं वाटतंच.

काल आईचा फोन होता. म्हणाली, या वेळी चकली बाहेरूनच आणली रे, गुडघे धरतात. मी विचारलं, काटा आलाय का? आलाय की, चांगली आहे म्हणाली. मला पुढे बराच वेळ काही बोलताच येईना.