तारांतोचा फिरता पूल: फोटो खरा, मजकूर चुकीचा

इटलीतल्या तारांतो शहरात कालव्यावर एक फिरता पूल आहे. त्याच्या फोटोखाली एक मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो: ‘1887 चा हा पूल आजही जसाच्या तसा आहे. वीज नाही, मोटर नाही, नुसत्या पाण्याच्या वजनावर फिरतो. आता फक्त पर्यटकांसाठी उघडतात. आजच्या इंजिनियरांनी असा बांधून दाखवावा!’

बांधून दाखवलाय. 1887 साली खुला झालेला पूल आज तिथे नाहीच. त्याच्या जागी नवा पूल बांधला गेला आणि 10 मार्च 1958 रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. रचना मात्र जुन्यासारखीच ठेवली, त्यामुळे फोटो बघून कुणाचीही गल्लत होईल. पुलाचे दोन भाग आहेत. प्रत्येक भाग आपल्या काठावर आडवा फिरतो आणि काठालगत जाऊन थांबतो. हे काम आज विजेच्या मोटरी करतात. इतकं चोख काम करणाऱ्यांचं श्रेय एका ओळीत पुसून टाकणं मला पटत नाही.

पाण्याची गोष्ट जुन्या पुलाची, आणि तीही अर्धवट सांगितलेली. शेजारच्या अरागोनी किल्ल्यात सुमारे 600 घनमीटरची टाकी होती. तिथून जोरात खाली येणारं पाणी टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनच्या जोरावर पुलाचे भाग हलायचे. आता टाकीत पाणी काही आपोआप चढत नाही, त्यामुळे ही शक्ती फुकटची नव्हतीच. पण उंचावर पाणी साठवून ठेवलं की हवी तेव्हा, हवी तेवढी ताकद हाताशी असते. जुन्या लोकांचं खरं डोकं इथे दिसतं, आणि नेमकं तेच त्या मजकुरात नाही.

राहिला पर्यटकांचा मुद्दा. हा कालवा म्हणजे मुळात 15व्या शतकातला किल्ल्याचा खंदक. मार पिक्कोलो या आतल्या समुद्रात नौदलाची गोदी उभी राहत होती, म्हणून 19व्या शतकात तो रुंद आणि खोल केला. मोठी जहाजं आत जायची तर पुलाला बाजूला होणं भागच होतं. नौदलाचा मुख्य तळ 2004 मध्ये बाहेरच्या मार ग्रांदेत गेला, पण गोदी आतच आहे. जहाजं आजही याच वाटेने जातात. तेवढा वेळ जुनं शहर आणि नवं शहर यांच्यातली ही थेट वाट बंद असते आणि गाड्यांना 1977 साली झालेल्या पुन्ता पेन्ना पुलावरून वळसा घालावा लागतो.