महाभियोग म्हणजे हकालपट्टी नव्हे
‘महाभियोग मंजूर झाला की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं पद जातं’ असं लेखात म्हटलंय, ते चूक आहे. प्रतिनिधिगृह, म्हणजे अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह, साध्या बहुमताने जे मंजूर करतं ते फक्त आरोपपत्र. खटला चालतो सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, आणि दोषी ठरवायला तिथे उपस्थित सदस्यांची दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अवघ्या एका मताने वाचले! ३५ मतं त्यांच्या विरोधात पडली, हवी होती ३६. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला या मार्गाने हटवता आलेलं नाही. पद गेलं ते ८ संघीय न्यायाधीशांचं, आणि त्यांच्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही याचं वाईट वाटतं. दोषी ठरलेल्याला पुन्हा पदावर येण्यास बंदी घालायची तर सिनेट वेगळं मतदान घेते, त्याला मात्र साधं बहुमत पुरतं. कृपया लेखात दुरुस्ती करावी.